माझ्या नावाचा अर्थ दगड आहे, बदलून टाकू का?

सदराला आलेलं पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढून:

वय बत्तीस, नोकरी पुण्यात, मूळ गाव मराठवाड्यातलं. नाव धोंडीराम (नाव छापायला त्यांची हरकत नाही, पत्राचं कारणच ते आहे). घरी धोंडू, गावाकडच्या मित्रांत धोंड्या, ऑफिसात डी. आर. नव्या टीममध्ये कुणीतरी नावाचा अर्थ विचारला, यांनी सरळ सांगितला, तेव्हापासून दोघं-तिघं हाक मारताना ‘स्टोन’ म्हणतात. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल आणि तिच्या नावापुढे वडिलांचं नाव कायमचं लागेल, म्हणून त्याआधी गॅझेट करून (म्हणजे सरकारी राजपत्रात छापून) ‘ध्रुव’ करून घ्यावं असं यांना आणि बायकोला वाटतंय. आईला सांगितलं तर ती काहीच बोलली नाही, फक्त त्या दिवसापासून नावाने हाक मारत नाही, फोनवर नुसतं ‘अरे’ म्हणते. वडील नाहीत. जन्म ऑगस्ट १९९३ चा, शेवटच्या आठवड्यातला. आधीची दोन भावंडं तान्ही असतानाच गेली असं ऐकलंय, पण घरात तो विषय कुणी काढत नाही. पत्राचं शेवटचं वाक्य असं आहे: ‘ज्यांना पोराचं नाव दगड ठेवावंसं वाटलं त्यांना आता वाईट का वाटावं तेच मला कळत नाही.’

उत्तर:

धोंडीराम, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण सगळं पत्र त्या एका वाक्यावर उभं आहे आणि मला तेच पटलेलं नाही. तुम्ही असं धरून चाललाय की आईवडिलांनी आधी शब्दाचा अर्थ बघितला, दगड, आणि मग तो तुम्हाला लावला. अर्थ बघून नाव ठेवायची पद्धत आपली, आत्ताची, मोबाईलवर ‘ध वरून मुलांची नावं अर्थासहित’ शोधायची. १९९३ ला तुमच्या गावात तसं झालं नसणार. तेव्हा नाव ठेवताना बघायचे ते वेगळंच, पोर कुठल्या महिन्यात झालं, कुठल्या वारी, कुठल्या देवाच्या नवसाने, आणि ते यायच्या आधी त्या घरात काय काय होऊन गेलंय. आणि यातल्या दोन गोष्टी तुम्ही स्वतःच पत्रात जाता जाता लिहून गेलाय, तुमचं तुम्हाला कळलेलंही नाही.

पहिली म्हणजे तारीख. तुमचं पत्र वाचल्यावर मी त्या वर्षीचं पंचांग बघितलं. १९९३ ला भाद्रपद अधिक होता, १८ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणूनच त्या वर्षी गणपती इतके उशिरा, १९ सप्टेंबरला बसले. म्हणजे तुम्ही ऐन अधिक महिन्यात जन्मलात. आणि अधिक महिन्याला आपल्याकडे बोलताना काय म्हणतात? धोंड्याचा महिना. या महिन्यात झालेल्या पोराला धोंडू, धोंडी, धोंडीराम आणि पोरीला धोंडाबाई म्हणायची कित्येक घरांत रीतच होती, जसं सोमवारी झाला म्हणून सोमा, नागपंचमीला झाला म्हणून नागू किंवा नागनाथ. तसं असेल तर तुमच्या नावाचा अर्थ दगड नाही, तुमच्या नावात तुमची जन्मवेळ लिहिलेली आहे.

हा महिना येतो कसा तेही सांगते, कारण ऑफिसात कुणी विचारलं तर तुम्हाला सांगता यायला पाहिजे. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं, दरवर्षी अकराएक दिवसांचा फरक पडत जातो, तो भरून काढायला साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. त्या महिन्यात लग्न-मुंजी होत नाहीत, सण नाहीत, म्हणून त्याला मलमास म्हणायचे. पुराणात गोष्ट अशी आहे की बाकी सगळ्या महिन्यांना देव मिळाले, याला कुणीच आपलं म्हणेना, तेव्हा हा रडत विष्णूकडे गेला आणि विष्णूने त्याला स्वतःचंच नाव दिलं, पुरुषोत्तम. म्हणून तो पुरुषोत्तम मास. ज्या महिन्याला कुणी नाव देईना त्याला देवाने आपलं नाव दिलं, आणि त्या महिन्यावरून तुम्हाला नाव मिळालं, हे मला तरी फार सुंदर वाटतं.

आणि धोंडे तुम्ही खाल्लेसुद्धा असणार. २०२३ ला श्रावण अधिक होता तेव्हा सासरी धोंडे जेवायला बोलावलं असेल ना? तुमच्या भागात तर जावयाला बोलावल्याशिवाय धोंड्याचा महिना जात नाही, पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार, वाणात तेहतीस अनारसे नाहीतर बत्तासे. त्या ताटातला धोंडा आणि तुमच्या नावातला धोंडा एकाच महिन्याचे आहेत. बायकोला हे आवर्जून सांगा, तिच्या माहेरचाच मान आहे तो.

दुसरी गोष्ट जड आहे, म्हणून जरा सावकाश लिहिते. तुमच्या आधी दोन मुलं गेली.

मूल जगत नसेल त्या घरात पुढच्या मुलाचं नाव मुद्दाम टाकाऊ ठेवायचं, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आणि सगळीकडे पसरलेली होती. दगडू, धोंडू, केरू, केरबा, कचरू, उकिर्डा, भिकू, भिकाजी, फकिरा, ही सगळी नावं याच घरातली. विचार असा की काळाची, सटवाईची, कुणाच्या वाईट नजरेची दृष्ट छान-छान नावाच्या पोरावर आधी पडते, म्हणून बाहेर असं दाखवायचं की या पोराची आम्हाला काही किंमत नाही, हा दगड आहे, केर आहे, भीक मागून आणलाय, न्यायच्या लायकीचा नाही. मुलाचं नाक टोचून त्याला मुलगी म्हणून दाखवायचे आणि मग नथू म्हणायचे, तेही यातलंच. बंगालीत तर एककडी, तिनकडी, पाचकडी अशी नावं आहेत, म्हणजे एवढ्या कवड्यांना विकत घेतलेलं पोर.

माझ्या आजीच्या भावाला आम्ही सगळे केरूमामा म्हणायचो. लहान असताना मला त्या नावाचं हसू यायचं. एकदा आजीने सांगितलं, तिच्या आईची तीन मुलं गेली होती, चौथा हा झाला. पाचव्या दिवशी पहाटे पोराला जुनेराच्या धडप्यात गुंडाळून सुपात घातलं आणि परड्यातल्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. थंडीचे दिवस होते, पोर रडायला लागलं, आणि आई चार हातांवर पाठ करून उभी, वळून बघायचं नाही असं तिला बजावलेलं. शेजारच्या म्हातारीने येऊन ‘अगं बाई, कुणी टाकलं हे’ म्हणत सूप उचललं, मग आईने तिला पायलीभर ज्वारी देऊन स्वतःचंच पोर तिच्याकडून विकत घेतलं. आजी म्हणायची, आई म्हातारी झाली तरी ते रडणं तिच्या कानातून गेलं नाही. केरूमामा सत्त्याऐंशी वर्षं जगले, आणि ते ऐकल्यापासून मला त्या नावाचं कधी हसू आलं नाही.

आता तुमचं वाक्य परत वाचा. ‘पोराचं नाव दगड ठेवावंसं वाटलं.’ वाटलं नसेल हो. तुमच्या आईला तुमचं नाव काहीतरी गोड ठेवावंसं वाटत असणार आणि तिने ते ठेवायचं टाळलं असणार. आधीच्या दोघांची नावं काय होती हे तुम्हाला माहीत नाही, कदाचित ती छान होती, कदाचित बारशाआधीच ते गेले आणि नाव ठेवायची वेळच आली नाही. तिसऱ्या वेळी ज्या बाईने धोंडू म्हणून पाळण्याची दोरी ओढली तिच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करून बघा. दगड हा शब्द तुम्ही ‘किंमत नसलेला’ असा ऐकताय. तो ‘न झिजणारा, कुणी उचलून न नेणारा’ असाही ऐकू येतो, आणि लेकरं गमावलेल्या आईला तोच ऐकू आला असेल.

अर्थात यातलं नेमकं काय खरं हे मला इथे बसून सांगता येणार नाही. महिन्यावरून ठेवलं असेल, दृष्ट टळावी म्हणून ठेवलं असेल, दोन्ही जुळून आलं म्हणून धोंडीरामच नक्की झालं असेल. अजून एक शक्यता आहे, तुमच्याकडे पावसाने ओढ दिली की एका पोराला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधून धोंडी करतात आणि ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार नेतात, घराघरातून त्याच्यावर पाणी ओततात, त्या दिवसांत तुम्ही झाला असाल तर नाव तिकडूनही येऊ शकतं. आणि देवाचं म्हणाल तर गावोगावचा म्हसोबा, सटवाई, शेंदूर लावलेला तांदळा, हे सगळे धोंडेच आहेत, आपल्या माणसांनी दगडाला कधी कमी लेखलेलं नाही. त्यात तुमच्या नावात पुढे राम आहे. तुकाराम, सखाराम, गंगाराम, तसाच धोंडीराम.

टोपणनावांबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीय, धोंडू, धोंड्या, डी. आर., आणि ‘तिन्ही सारखीच लाज आणतात’ असं म्हणलंय. मला वाटतं तिन्ही सारखी नाहीयेत. मराठीत नावाचा अर्थ एकीकडे आणि नावाचं शेपूट दुसरीकडे, आणि रोजच्या वापरात शेपटालाच जास्त अर्थ असतो. शेवटी ऊ आला की ते लेकरू, बाळू, राजू, धोंडू, आईच्या मांडीवरचं. या आला की बरोबरीचा, गण्या, पक्या, धोंड्या, हे म्हणायचा हक्क फक्त ज्यांच्याबरोबर विहिरीत उड्या मारल्या त्यांना, दुसऱ्या कुणी म्हणलं तर ती शिवी होते. बा लागला की मान आणि माया दोन्ही, विठोबा, तुकोबा, धोंडिबा. पंत, राव, जी लागले की माणूस चार पायऱ्या वर जातो, धोंडोपंत, धोंडजी. आणि नुसता ओ, धोंडो, हे जुन्या कागदांतलं वळण, पुढे वडिलांचं नाव जोडून म्हणायचं. शब्द एकच, नाती पाच वेगळी. डी. आर. मध्ये मात्र कुणाचंच नातं नाहीये, ते तुम्ही लपायला घेतलेलं आहे, आणि मला वाटतं ‘स्टोन’ला जागा तिथेच मिळाली. जो माणूस स्वतः आपलं नाव पूर्ण उच्चारत नाही त्याला दुसरे आपल्या मनाने नाव देतात.

घरातलं नाव बाहेर येऊन मोठं होतं याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत. लोकमान्य टिळकांचं खरं नाव केशव, घरात बाळ म्हणायचे, आणि आज जगाला बाळ गंगाधर टिळकच माहीत आहेत. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० ला पडलं ते ‘भिवा’ असं, भीमाचं घरगुती रूप. (भीमचं भिवा झालं ते ज्या वाटेने ग्रामचं गाव झालं त्याच वाटेने, ‘म’चा ‘व’ होऊन, आणि ‘नाव’ हा शब्दसुद्धा ‘नाम’ पासून तसाच आलाय.) तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

आणि धोंडो म्हणाल तर महर्षी कर्वे. धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८, कोकणातले. १८९३ ला त्यांनी विधवेशी लग्न केलं, गावाने वाळीत टाकलं, १९१६ ला बायकांसाठी विद्यापीठ काढलं, १९५८ ला वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं. त्या सगळ्या काळात त्यांच्या नावापुढे धोंडोच होतं, आणि ते वाचताना कुणाच्या मनात दगड येत नाही. नानासाहेब पेशवे, १८५७ चे, तेही धोंडोपंतच. जयपूर-अत्रौली घराण्याच्या धोंडूताई कुलकर्णी, संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळालेल्या गायिका. आणि तुम्ही पुण्यात राहता, तर गणपतीत लाखो माणसं ज्यांच्या नावाच्या गणपतीसमोर रांग लावतात ते मिठाईवाले दगडूशेठ. रांगेतल्या एकालाही ‘दगडाचा शेठ’ असं ऐकू येत नाही. नाव वापरून वापरून असं गुळगुळीत होतं की त्याच्या आतला शब्द दिसेनासा होतो आणि फक्त माणूस दिसतो.

आता याच्या उलट बाजूही तितक्याच मनापासून लिहिते, कारण हे सदर वाचणारे सगळे तुमच्यासारखे नसतील. सगळीच टाकाऊ नावं मायेने ठेवलेली नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचं नाव जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं ठेवावं असं सरळ लिहिलंय, आणि कितीतरी घराण्यांच्या वाट्याला दगडू, धोंडू, कचरू ही नावं अशी वरून लादली गेली, चांगलं नाव ठेवलं तर गावातले मोठे लोक सहन करायचे नाहीत म्हणून. दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार होतं, त्यांनी लिहिताना दया हे नाव घेतलं आणि महाराष्ट्राने त्यांना त्याच नावाने ओळखलं. कुणाला आपल्या नावात असा अपमान ऐकू येत असेल तर त्याने ते बदलावं, कुणाचीही परवानगी न घेता, आणि त्याला मी एका शब्दाने अडवणार नाही. तसंच नकोशीचं. २०११ ला सातारा जिल्ह्यात नकोशी, नकुसा अशी नावं असलेल्या दोनशे ऐंशीच्या वर मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली, ते फार चांगलं झालं. आणि ज्या बायकांचं नाव लग्नात तांदळात अंगठीने लिहून बदललं गेलं त्यांचा प्रश्न तर अजूनच वेगळा, आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे दोघीही माहेरच्या यमुना होत्या, आज आपल्यातल्या किती जणांना ते माहीत आहे.

धोंडू आणि नकोशी वरवर एकसारखी दिसतात, दोन्हीत पोराला कमी लेखलंय. पण नकोशी म्हणजे खरंच नको होती, आणि धोंडू म्हणजे इतका हवा होता की तसं तोंडाने म्हणायची भीती वाटली. म्हणून नाव बदलायचा विचार करणाऱ्या सगळ्यांनाच मी हे विचारते, हे नाव कुणी ठेवलं, कधी ठेवलं आणि कुणाला घाबरून ठेवलं. तुमच्या घरात काय झालं ते तुम्हाला अजून माहीतच नाही, आणि माहीत नसताना बदलू नका एवढंच माझं म्हणणं आहे.

‘ध्रुव’बद्दलही बोलू. तुम्हाला ते आवडलं कारण सही बदलावी लागणार नाही आणि अर्थ छान आहे, अढळ. नाव छानच आहे. पण अढळ म्हणजे जागचा न हलणारा, आणि तसा धोंडाही असतो, म्हणजे अर्थासाठी तुम्ही फार लांब गेलेला नाही. आणि ध्रुवाची गोष्ट आठवते ना? वडिलांच्या मांडीवर बसायला गेलेलं पोर, सावत्र आई सुरुचीने ढकलून दिलेलं. ढकलून दिलेल्या मुलाचं नाव घेण्यासाठी तुम्ही धरून ठेवलेल्या मुलाचं नाव सोडायला निघालाय, हे मला तुमचं पत्र वाचल्यापासून टोचतंय.

मग करायचं काय. सगळ्यात आधी, ‘जूनच्या आतच’ हा हट्ट सोडा. मुलीच्या जन्मदाखल्यावर तुमचं नाव धोंडीराम आहे आणि शाळा दाखला बघूनच नाव घालणार, तुम्ही मार्चमध्ये गॅझेट केलं तरी तिचा दाखला आपोआप बदलत नाही, तो नगरपालिका किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत वेगळा दुरुस्त करून घ्यावा लागतो. घाईत अर्धं बदललं तर तिच्या शाळेत एक, दाखल्यावर एक आणि तुमच्या आधारवर एक असं होईल, आणि निस्तरत बसावं लागेल तिलाच.

बदलायचंच ठरलं तर ते अवघड नाही पण लांबलचक आहे. ॲफिडेविट, राजपत्रासाठी ऑनलाइन अर्ज, राजपत्रात नाव छापून आलं की त्या प्रती जपून ठेवायच्या, मग आधार, पॅन, बँक, पासपोर्ट, पीएफ, आणि गावाकडे जमीन असेल तर सातबारा, वडील नाहीत म्हणजे वारसनोंदीत तुमचं जुनं नाव लागलेलं असणार, ते विसरू नका. दहावी, बारावी, डिग्रीची सर्टिफिकेटं जुन्याच नावाची राहतात, जिथे दाखवाल तिथे गॅझेटची प्रत जोडायची. एकदा सगळीकडची यादी करून मगच सुरुवात करा, आणि ज्यांना ज्यांना नाव बदलायचंय त्या सगळ्यांना हेच सांगेन, एका बैठकीत यादी, मग गॅझेट.

मधला रस्ताही आहे. कागदावर काही न बदलता ऑफिसात ‘राम’ म्हणा असं सांगता येतं, ते तुमच्याच नावातलं आहे, उसनं आणलेलं नाही. किंवा आत्याला विचारा, पाळण्यात तुमचं अजून एक नाव घेतलं असेल, आपल्याकडे पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं असं बऱ्याचदा असतं, पत्रिका असेल तर त्यात लिहिलेलं सापडेल. पुढेमागे बदलायचं झालंच तर मोबाईलवरच्या यादीतल्या नावापेक्षा ते नाव घ्या.

पण मला विचाराल तर आधी एक महिना डी. आर. सोडून बघा. मेलखाली पूर्ण नाव लिहा, मीटिंगमध्ये पूर्ण सांगा. ‘स्टोन’ म्हणणाऱ्यांना बाजूला घेऊन, न चिडता, एवढंच सांगा की मी धोंड्याच्या महिन्यात जन्मलो म्हणून धोंडीराम, आणि हे नाव माझ्या आईने दोन मुलं गेल्यावर ठेवलंय, तर ‘स्टोन’ म्हणू नका. (हे दुसरं वाक्य घरी विचारून खात्री झाल्यावरच.) मला नाही वाटत त्यानंतर कुणी म्हणेल. तरीही म्हणालाच कुणी तर ती त्या माणसाची लायकी आहे, मॅनेजरला लेखी कळवा.

बायकोची काळजीही खरी आहे, तिला उडवून लावू नका. मुलीला कुणी चिडवलं तर काय, हे ती विचारतेय. पण सहा वर्षांच्या मुलीला धोंड्याच्या महिन्याची गोष्ट, विष्णूने महिन्याला आपलं नाव दिल्याची गोष्ट सांगून बघा, ती दुसऱ्या दिवशी वर्गात स्वतःहून सांगेल. लाज तिला आपोआप वाटणार नाही, ती तुमच्याकडून शिकेल.

राहिली आई. ‘हे नाव का ठेवलंस’ असं विचारू नका, तो जाब झाला. ‘मी झालो तेव्हाचं सांग’ म्हणा आणि गप्प बसा. फोनवर नको, गावी जाऊन. आणि आधी आत्याशी बोलून घ्या, बारशाला तुमच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगणारी तीच असणार आणि तिला सगळं आठवत असणार, काही गोष्टी आईच्या तोंडून निघायला जड जातील त्या आत्या सांगेल. गेलेल्या दोघांबद्दल आईने काढलं तर ऐका, नाही काढलं तर खोदू नका. रडली तर रडू द्या, मध्येच समजूत घालायला जाऊ नका. तुम्ही नाव बदलायचं बोललात तेव्हा ती गप्प बसली त्याला तुम्ही रुसवा म्हणताय, मला ती भीती वाटते. ज्या नावाने पोर राखलं ते काढून टाकायचं म्हणताय, तिने बत्तीस वर्षं जपलेली गोष्ट आहे ती, तिला खरं वाटो न वाटो, हात लावायचा धीर होत नसेल.

यंदा, २०२६ ला, ज्येष्ठ अधिक आहे, १७ मेपासून १५ जूनपर्यंत. मुलीच्या सुट्टीत दोन दिवस काढून तिघं गावी जा, आईला धोंडे करायला सांगा, पुरण वाटायला तुम्ही बसा. तेवढ्या वेळात विचारून होईल. आणि आत्याने पाळण्यात कोणतं नाव घेतलं होतं ते कळलं तर मला जरूर लिहून पाठवा.